सासऱ्यांचे आठ लाख, पतसंस्थेची ठेव आणि कॅनडाचा अर्ज

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो, मी, पत्नी आणि दोन मुलं. मला कॅनडात नोकरीची ऑफर नाही, पण एक्स्प्रेस एंट्रीच्या (कॅनडा सरकारच्या ऑनलाइन निवडपद्धतीच्या) फेडरल स्किल्ड वर्कर म्हणजे कुशल कामगारांच्या गटातून पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, अर्जाचं निमंत्रण आलं आहे. बँकेत माझे ६ लाख, पतसंस्थेत ७ लाखांची ठेव आहे. सासऱ्यांनी गेल्या महिन्यात पत्नीच्या खात्यात ८ लाख भरले. पीआर झाल्यावर ते परत करायचे ठरलं आहे. एजंट म्हणतो पैसे आताच तिकडे हलवा, इथे रुपये द्या, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमधला माणूस डॉलर देईल. काय करावं?

उत्तर : आधी एजंटला नकार कळवा. इथे रुपये आणि तिथे डॉलर हा सरळ हवाला आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय या घाईची गरजच नाही. अर्ज करताना पैसे कॅनडात असावे लागत नाहीत. ते तुमच्या नावावर, हवे तेव्हा काढता येतील असे असले की पुरे.

तिथे गेल्यावर खर्च भागेल याचा पुरावा म्हणून, ७ जुलै २०२५ च्या तक्त्यानुसार, चौघांच्या कुटुंबासाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. म्हणजे अंदाजे १८ लाख रुपये. हा आकडा दरवर्षी बदलतो, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा तक्ता पाहा आणि रुपया घसरला तर म्हणून लाख-दीड लाख जास्त ठेवा. पैसे अर्जाच्या वेळी हवेत, तसेच पीआर व्हिसा मिळतानाही हवेत.

खरी अडचण सासऱ्यांच्या ८ लाखांची आहे. परत करायचे म्हणजे ते उसने झाले, आणि उसन्या पैशावर हा पुरावा चालत नाही. त्यावर ‘भेट’ असा कागद केलात तर ती खोटी माहिती ठरते. पकडली गेली तर ५ वर्षं कॅनडाचं दार बंद. सासरे खरोखरच मुलीला देणार असतील तर हरकत नाही. ‘परतफेडीची अपेक्षा नाही’ असं त्यांचं नोटरी केलेलं निवेदन आणि पैसे कुठून आले ते दाखवणारा त्यांच्या खात्याचा उतारा जोडा. वडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही. मात्र परत करायचेच असतील तर ती रक्कम हिशेबात धरू नका. मग तुमच्याकडे १३ लाख उरतात. कोथरूडच्या फ्लॅटची किंमत इथे धरत नाहीत. म्युच्युअल फंड वगैरे मोडूनही तूट भरत नसेल तर निमंत्रण नाकारा. प्रोफाइल पुन्हा पूलमध्ये, म्हणजे निमंत्रणाची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत, जातं. निमंत्रणाच्या मुदतीचे ६० दिवस नुसते जाऊ दिलेत तर प्रोफाइल नव्यानं भरावं लागेल.

पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या पत्रावर अधिकाऱ्यानं शंका काढण्याचा धोका मी तरी घेणार नाही. ठेव मोडा. व्याज थोडं कापलं जाईल, पण रक्कम बँकेत येईल. मूळ ठेवपावती आणि ठेव मोडल्याचा कागद जपून ठेवा, नाहीतर खात्यात अचानक आलेल्या ७ लाखांचा खुलासा करता येणार नाही. मराठी कागदांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल.

बँकेत ‘बॅलन्स सर्टिफिकेट’ मागितलं की बहुतेक शाखा फक्त आजची शिल्लक छापून देतात. ते पुरत नाही. लेटरहेडवर बँकेचा पत्ता, फोन, ईमेल, तुमचं नाव, प्रत्येक खात्याचा क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक आणि गृहकर्ज, क्रेडिट कार्डाची बाकी हे सगळं हवं. मसुदा स्वतः टाइप करून मॅनेजरकडे न्या, दोन फेऱ्या वाचतील.

पैसे पाठवायचे ते व्हिसा आल्यावर, निघण्याआधी. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन आणि बँकेत भरायचा ए-टू फॉर्म लागतो. उद्देशाच्या रकान्यात स्थलांतरच लिहा. ‘कुटुंबाचा निर्वाह’ लिहायला सुचवणारे भेटतात, पण तुमचं कुटुंब तर इथेच आहे. एका पॅनवर वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. एकट्यानं १८ लाख पाठवलेत तर वरच्या ८ लाखांवर १ लाख ६० हजार कापले जातील. पत्नीनं तिच्या खात्यातून तिच्या पॅनवर ९ आणि तुम्ही ९ पाठवलेत तर शून्य. कापलेला टीसीएस बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण ऐन जायच्या वेळी रोकड अडकते. तुमचं खातं सहकारी बँकेत असेल तर आधी विचारा. अनेक सहकारी बँकांना परदेशी रक्कम पाठवण्याची परवानगी नसते.

कायमचं राहायला निघालात की फेमाच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी होता, आयकरातला १८२ दिवसांचा नियम वेगळा. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या. निवासी भारतीयाची २,५०,००० डॉलरची वरची सवलत तेव्हा संपते. त्यानंतर एनआरओतून वर्षाला १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात, पण आयकराचा फॉर्म आणि सीएच्या सहीचं प्रमाणपत्र भरून.