घरी टकळी, शाळेत वाचा बसलेली

“मॅडम, घरी ही एक मिनिट गप्प नसते. आजीला गोष्टी सांगते, गॅलरीतल्या कबुतरांवर ओरडते, दादाशी भांडते. शाळा सुरू होऊन तीन महिने झाले, तिथं मात्र एक शब्द नाही. टीचर म्हणतात, हट्टी आहे. सासूबाई म्हणतात, बोलेल आपोआप. खरं कुणाचं धरू?”

नर्सरी-बालवाडीतल्या मुलांच्या आया गणपती आटोपले की साधारण असंच विचारत येतात. जूनमधली रडारड तोवर ओसरलेली असते. जे मूल रडत नाही, मारत नाही, फक्त बोलत नाही, त्याच्याकडे लक्ष जातं ते तेव्हा. वर आई जिच्याबद्दल विचारतेय ती ओवी, सव्वाचार वर्षांची. नाव खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कुटुंब सांगलीकडून पुण्यात आलेलं, घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात 28 मुलं, एक टीचर, एक मदतनीस मावशी.

पहिली शंका भाषेची घ्यायची. अनोळखी भाषेत पडलेलं लहान मूल काही महिने नुसतं ऐकत राहतं आणि ते अगदी स्वाभाविक आहे. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल मराठी अंगणवाडीत गप्प बसलं, तर आधी ताईंनी दोन-चार कोरकू शब्द शिकावेत, मुलाला तपासायला नेऊ नये. पण असं मूल आपल्या भाषेचा माणूस भेटला की बोलतं. ओवीच्या वर्गातल्या मावशी मराठीच बोलायच्या, डबा उघडून द्यायच्या, वेणी नीट करायच्या. ओवी त्यांच्याशीही बोलत नव्हती. म्हणजे गाठ भाषेपाशी नव्हती.

दुसरी शंका कानाची. घरी बोलतंय म्हणजे ऐकू येतंय, असं धरून चालू नये. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांना गोंगाटात कमी ऐकू येऊ शकतं, म्हणून श्रवणचाचणी करून घेतली. ती ठीक आली. तिसरी गोष्ट, आईनं मोबाईलवर घेतलेलं घरचं चित्रण. त्यात ओवी भातुकली मांडून दादाला “तू गिऱ्हाईक, मी दुकानदार, उधारी नाही मिळणार” असं बजावत होती. वाक्यं वयाप्रमाणे, उच्चार स्वच्छ, नजरेला नजर, खेळात कल्पना. उलट, जे मूल आधी सगळीकडे बोलत होतं आणि एकाएकी सगळीकडेच गप्प झालं, त्याची वाट वेगळी असते. तिथं काय घडलं याचा शोध तातडीनं घ्यावा लागतो.

ओवीसारखं घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत बोलूच शकत नाही, या अडचणीला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. ती बहुतेकदा पाच वर्षांच्या आत सुरू होते आणि निदानासाठी किमान महिनाभर टिकलेली असावी लागते. त्यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. 1934 मध्ये मोरिट्झ ट्रामर या डॉक्टरांनी तिला ‘इलेक्टिव्ह’ म्हटलं होतं, म्हणजे मुलानं आपणहून पत्करलेलं मौन. ते नाव 1994 मध्ये अमेरिकेतल्या निदानसूचीनं बदललं आणि 2013 च्या आवृत्तीत ही अडचण चिंतेच्या विकारांमध्ये गेली. मराठीत ‘निवडक मौन’ हा शब्द रूढ होतोय तो फारसा बरा नाही. मौन आपल्याकडे धरतात, पाळतात, त्याचं व्रत असतं. या मुलांचं जे होतं त्याला आपल्या आज्या नेमकं म्हणायच्या: वाचा बसली.

वर्गात चाळीस मिनिटं मागच्या बाकावर बसून दोनच गोष्टी टिपल्या. ओवीला थेट प्रश्न किती वेळा विचारला गेला, आणि मग काय झालं. प्रश्न अकरा. दर वेळी तिचे खांदे वर जायचे, चेहरा कोरा व्हायचा, हात फ्रॉकच्या काठावर थिजायचे. दोन-तीन सेकंदांत शेजारची मुलगी सांगायची, “टीचर, शी डझन्ट टॉक.” टीचर पुढं सरकायच्या. ओवीचा श्वास सुटायचा.

सगळं यंत्र त्या सुटलेल्या श्वासात आहे. प्रश्न आला की भीती चढते, घसा आवळतो. कुणीतरी उत्तर देतं किंवा नाद सोडतं आणि भीती झर्रकन उतरते. गप्प राहिलं की सुटका होते, हे शरीर शिकतं, चाळीस मिनिटांत अकरा वेळा शिकतं. टीचरनाही अवघडलेपणातून सुटका मिळते, म्हणून त्याही नकळत हाच धडा पक्का करतात. कुणाचाच दोष नसतो, पण दर महिन्याला गाठ घट्ट होते. ‘आपोआप बोलेल’ म्हणून वर्ष काढणं त्यामुळंच महाग पडतं.

तोंड उघडत नाही एवढंच दिसतं, बाकीचं नजरेआड राहतं. ओवी शाळेत शूला जात नव्हती, कारण त्यासाठी सांगावं लागतं. पाणी पीत नव्हती, कारण मग शूला लागते. डबा अर्धा परत यायचा. घरी आल्यावर चपलेचा बंद निघाला नाही म्हणून वीस मिनिटं थयथयाट. आईला वाटायचं, शाळेत एवढी शहाणी आणि घरी मात्र ताप. चार तास आवळून धरलेलं मूल जिथं सुरक्षित वाटतं तिथं सैल होतं, एवढाच त्याचा अर्थ.

कामाची सुरुवात बोलण्यापासून केली नाही. चार आठवडे ओवीला उत्तर द्यावं लागेल असा एकही प्रश्न कुणी विचारायचा नाही, असं ठरलं. टीचरना हे उफराटं वाटलं. पण सूट बोलण्यापुरतीच होती, वर्गातल्या कामांतून नव्हती. हजेरीला सगळ्याच मुलांनी आपलं चित्रकार्ड खुंटीला लावायचं, म्हणजे ओवी एकटी वेगळी दिसत नाही. साडेनऊ आणि अकराला सगळा वर्ग शूला जाईल, मागावं लागणार नाही. खडू वाटायचं काम ओवीचं.

प्रश्नांच्या जागी शेजारी बसून नुसतं बोलायचं. समोर नाही, शेजारी, आणि नजर तिच्या चेहऱ्यावर न ठेवता मण्यांवर. “लाल ओवलास. आता पिवळा… अरे, हा तर निसटला. मला वाटतं याचं भोक बारीक आहे.” मध्ये पाच सेकंद थांबायचं. पाच सेकंद वर्गात फार लांब वाटतात, म्हणून टीचरना मनात अंक मोजायला सांगितलं. आणि पहिले काही दिवस टीचरनी तिच्याशी मराठीत बोलायचं. शाळेचा नियम आड येत होता, तो मुख्याध्यापिकांनी बाजूला ठेवला. इंग्रजी सुधारावी म्हणून घरी मराठी बंद करण्याचा सल्ला परदेशातल्या मराठी पालकांना फार मिळतो. तो मानू नये. मूल जिथं मोकळं बोलतं तो एकच कोपराही त्यानं हातचा जातो.

चॉकलेटाचं आमिष बंद केलं. “तोंडात मूग धरलेस का गं?” ही गंमतही बंद. आजींना विशेष विनंती: पाहुण्यांसमोर “नमस्ते म्हण बघू” नको, हात हलवला तरी पुरे.

मग नवरात्राच्या सुमारास खरी पायरी. शाळा भरण्याआधी आठ-चाळीसला, रिकाम्या वर्गात, दार लावून, आई आणि ओवी दोघीच. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. आठवड्यातून एकदा करून भागत नाही, कारण मधल्या दिवसांत भीती पुन्हा साचते. खेळ असा, ज्यात बोल ठरलेले असतात आणि विचार करावा लागत नाही: आई एक, ओवी दोन, आई तीन. नाहीतर चित्रकार्ड उलटून नाव घ्यायचं. आवाज नेहमीचा झाला की टीचर आत शिरतात, पण एकदम नाही. आधी दाराबाहेर, दार किलकिलं. मग दारात, पाठमोऱ्या, हजेरीपट चाळत. मग वर्गाच्या मध्यावर. मग त्याच टेबलाशी, पण आपल्या कामात. मग तोंड वळवून. आणि शेवटी खेळात तिसऱ्या: आई एक, ओवी दोन, टीचर तीन. प्रत्येक टप्पा ओवीला आधी सांगायचा, चकवायचं नाही. आवाज कुजबुजीवर आला की एक टप्पा मागं. दिवाळीच्या सुट्टीआधी टीचर टेबलाशी पोहोचल्या होत्या, आणि ओवीच्या मोजण्यात त्या “तीन” म्हणत होत्या.

इथं दोनदा घसरलं. पहिल्यांदा दुसऱ्या वर्गाच्या टीचरनी दारातून ऐकलं आणि आनंदानं ओरडल्या, “अगं बाई, बोलली! टाळ्या वाजवा!” त्यानंतर आठवडाभर ओवी आईशीही त्या खोलीत बोलली नाही. पहिल्या शब्दाचा सोहळा केला की मुलाला कळतं, सगळे आपल्या तोंडाकडेच बघत होते. तिनं “निळा” म्हटलं तर “हो, निळाच, आता तुझी पाळी” एवढंच म्हणून खेळ पुढं न्यायचा. कौतुक नंतर, एकटीत, हळू आवाजात. दुसरी घसरण दिवाळीनंतरची होती. तीन आठवड्यांच्या खंडानं दोन टप्पे मागं आणले, जे अपेक्षितच असतं. आई खचली, तिला वाटलं सगळं पाण्यात गेलं. परतीची वाट मात्र चार दिवसांत चालून झाली.

आईच्या एका सवयीवर वेगळं काम करावं लागलं. ओवी कानात कुजबुजायची आणि आई ते मोठ्यानं सांगायची. माया म्हणून ते बरोबर, पण मुलीचं बोलणं आईच्या तोंडून होऊ लागलं की स्वतःचा आवाज काढायची गरज उरत नाही. म्हणून आईनं म्हणायचं, “थांब, जरा बाजूला जाऊ,” तीन-चार पावलं लांब नेऊन नेहमीच्या आवाजात बोलू द्यायचं आणि परत यायचं. पुढं तीन पावलांचं दोन झालं, दोनाचं एक.

टीचरशी बोलणं सुरू झालं की प्रश्न परत आणायचे, पण उतरंडीनं. आधी दोन पर्यायांचा: “केळं की चिकू?” यात उत्तर प्रश्नातच असतं. “केळं हवं का?” विचारलं तर मान हलते आणि काम भागतं, म्हणून तो टाळायचा. “तुला काय आवडतं?” सगळ्यात शेवटी. त्यानंतर त्या सकाळच्या खेळात एक मैत्रीण आणली, तीच शेजारची, जी तिच्या वतीनं बोलायची. तिला “ओवी बोलत नाही” ऐवजी “ओवी तयार झाली की बोलते” असं म्हणायला शिकवलं. मग आई आधी दाराशी, मग बाहेर. मग दुसरी मैत्रीण. मोठ्या वर्गात आवाज पोहोचायच्या आधी चार-पाच जणांच्या गटात तो पक्का व्हावा लागतो, आणि नेमकी ही पायरी गाळायची घाई सगळ्यांना होते. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात तिला संवाद द्यावा असा आग्रह निघाला. दिला नाही. ती झाड झाली, फांद्या हलवल्या, डबा पूर्ण खाल्ला.

फेब्रुवारीत ती गटात बोलत होती, टीचरकडे शूला मागत होती. सबंध वर्गासमोर अजून नाही. हा वेग चांगलाच म्हणायचा. दोन-तीन महिने नीट, सातत्यानं करूनही काहीच हललं नाही, किंवा मूल घरीही कमी बोलू लागलं, खाणं-झोप बिघडली, तर बालमानसतज्ज्ञ गाठावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत लवकर उपचाराची केंद्रं आहेत. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या पथकाकडून तिथं चिठ्ठी मिळते. या वयात औषधांची वेळ क्वचित येते.

एप्रिलचं काम राहिलं होतं. जूनमध्ये टीचर बदलणार, म्हणजे भीतीला नवा चेहरा. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच नव्या टीचरना सकाळच्या त्या खेळात आणलं, त्याच दारापासून, त्याच टप्प्यांनी, फक्त आईच्या जागी आता जुन्या टीचर. त्यांना एक पानभर मजकूर दिला: शेजारी बसा, पाच सेकंद थांबा, पर्याय विचारा, पहिला शब्द ऐकलात तर ऐकलाच नाही असं दाखवा. खाली आईनं पेननं एक ओळ वाढवली होती: दुकान-दुकान खेळताना उधारी मागू नका, ती भांडायला लागेल.