सांगली-साताऱ्यात विशेष मुलांच्या शाळेच्या वादात मध्यस्थ म्हणून काम करता येतं का? पात्रता काय, मानधन किती?

करता येतं. मी करते. पदाला नाव नाही, दाराला पाटी नाही, मानधन शून्य. एकदा तासगावकडच्या एका वडिलांनी द्राक्षांची पेटी आणली होती. मी ती परत न्यायला सांगितली आणि माझ्या थोरल्या भावाने मागच्या दाराने ठेवून घेतली.

दादाचा विषय निघालाच आहे तर आधी तेच सांगते. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "अमेरिकेत यासाठी कायद्याने मध्यस्थ असतात, आपल्याकडे चार मोठी माणसं बसली की मिटतंच." हे शब्दशः दादाचं वाक्य आहे, आणि या वाक्यापायी एका पोराचं वर्ष वाया गेलेलं मी बघितलंय.

2019 चा जानेवारी. मी तेव्हा शिक्षण खात्याच्या गटसाधन केंद्रात कंत्राटी विशेष शिक्षिका होते. दादा निवृत्त मुख्याध्यापक, अर्धा तालुका त्याला सर म्हणतो. मिरजेच्या बाजूच्या एका अनुदानित शाळेत तिसरीतला एक मुलगा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. शाळेचं म्हणणं, तो इतर मुलांना मारतो, त्याला दोनच तास पाठवा आणि आईने बाहेर बसायचं. आई जूनपासून व्हरांड्यात स्टुलावर बसून साड्यांना फॉल लावत होती. वडील कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टला. त्यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचं कलम 16 वहीच्या कागदावर उतरवून खिशात ठेवलेलं, आणि पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाण्याची भाषा सुरू झालेली.

एका रविवारी सगळ्यांना दादाच्या घरी बोलावलं. पहिला तास फुकट गेला. वडील कलम वाचून दाखवत होते, मुख्याध्यापक इतर पालकांचे तक्रार अर्ज. मग मी दोन्ही बायकांना पुरुषांपासून आणि एकमेकींपासून वेगळं काढलं. वर्गशिक्षिकेला स्वयंपाकघरात नेलं, आईला आतल्या खोलीत.

बाईंना एवढंच विचारलं, "मारतो कधी?" त्या ओट्याला टेकून जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बारा-सव्वाबाराला. तेव्हाच." म्हणजे खिचडीची रांग. वर पत्र्याची शेड, ताटांचा खणखणाट, मागून पुढून ढकलाढकली. हे सरांना का नाही सांगितलं, तर म्हणे, सर नेहमी विचारतात आज कितीदा मारलं. कधी मारलं, हे कुणी विचारतच नाही.

आतल्या खोलीत आई सांगत होती की त्या घरी कुकर लावत नाहीत. शिट्टी झाली की पोरगं पलंगाखाली जातं, म्हणून दोन वर्षं भात पातेल्यात. दोघींकडे एकाच गोष्टीचे दोन अर्धे तुकडे होते आणि बाहेर पुरुष कलमांवरून भांडत होते.

पुढचं दहा मिनिटांत ठरलं. घंटेच्या आधी पाच मिनिटं शिपाईमामा त्याचं ताट वाचनालयाच्या खोलीत देणार, तो तिथे जेवणार, पूर्ण वेळ शाळेत बसणार, आईचं स्टूल उचलायचं. मुख्याध्यापकांनी मामांना तिथूनच फोन लावला. चहा झाला.

मी कागद काढला. दादाने त्यावर हात ठेवला. "अगं, सरांनी शब्द दिलाय. लेखी मागितलंस तर त्यांचा अपमान होईल." मुख्याध्यापकही हसून म्हणाले, "बाई, आम्ही शब्दावर शाळा चालवतो." मी कागद पर्समध्ये परत ठेवला. तो ठेवायला नको होता, हे मला ठेवतानाच कळत होतं.

एप्रिलच्या परीक्षेपर्यंत त्या मुलाने एकदाही कुणावर हात उचलला नाही. जूनमध्ये मुख्याध्यापकांची बदली झाली, मामा निवृत्त झाले. नवीन सर म्हणाले, "असं काही ठरल्याचं मला माहीत नाही. लेखी आहे का काही?" आठवड्याभरात स्टूल परत व्हरांड्यात. ऑगस्टमध्ये महापूर आला, शाळेत पूरग्रस्तांची सोय झाली, मग कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. दिवाळीत वडिलांनी मुलाला घरी बसवलं. मार्चमध्ये तर सगळ्यांच्याच शाळा बंद झाल्या.

दादा अजून म्हणतो, "कागद असता तरी पुरात गेला असता." नसता गेला. तीन प्रती केल्या असत्या, आणि माझं कपाट दुसऱ्या मजल्यावर आहे.

आता अमेरिका. उदाहरण देताय तर पूर्ण द्या. तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात 1997 च्या दुरुस्तीने प्रत्येक राज्यावर मध्यस्थीची सोय करण्याची सक्ती आली. खर्च राज्याचा, पालकांचा नाही. बसायचं की नाही हे दोन्ही बाजूंच्या मर्जीवर, आणि मध्यस्थी चालू आहे म्हणून पालकांचा सुनावणीचा हक्क अडवता येत नाही. आत बोललेलं बाहेर जात नाही. आणि जे ठरेल ते लेखी, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. 2004 पासून तो कागद कोर्टातून अंमलात आणता येतो. तिथेही माणसंच आहेत, तिथेही शब्द देतात, तरी कागद करतात. कुणाचा अपमान होत नाही.

आपल्याकडे या कामाचं वेगळं पद नाही, त्यामुळे "पात्रता" अशी नाही. माझ्याकडे विशेष डी.एड. आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, पण तिचा उपयोग मुलाला समजून घ्यायला होतो, मोठ्यांना नाही. न्यायालयाच्या यादीवरचं मध्यस्थ व्हायचं असेल तर 40 तासांचं प्रशिक्षण असतं, त्याची चौकशी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात करा. पैशासाठी करणार असाल तर करू नका. शिकवण्या घ्या.

कायदा मात्र पाठ हवा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आली. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. कलम 16 शाळेला भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायला सांगतं. कलम 31 म्हणजे 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षण. म्हणून लोक जेव्हा "मध्यस्थाने तटस्थ राहावं" म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. मूल शाळेत असावं की नसावं, हा वाद संसदेने मिटवलाय. आपण फक्त कसं ते ठरवायला बसतो. "नाहीच घेणार" म्हणणाऱ्या शाळेसमोर मी तटस्थ बसत नाही, सरळ पुण्याचा पत्ता देते.

आणि कागद. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थी आहे, पण तिच्यातल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकुमाचं बळ नाही. लोकअदालतीच्या निवाड्याला आहे, त्यावर अपीलही नाही. म्हणून अवघड प्रकरण मी दावा दाखल होण्याआधीच विधी सेवा प्राधिकरणात न्यायला सांगते. मदत मागणारी स्त्री, मूल किंवा अपंग व्यक्ती असेल तर मोफत कायदेशीर मदतीला उत्पन्नाची अटही नाही, हे पालकांना कुणी सांगत नाही. साध्या प्रकरणात मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं एक पान पुरतं, पण त्यात "सहकार्य करू" असलं काही लिहू देऊ नका. कोण, किती वाजता, कुठल्या खोलीत, आणि तो माणूस नसेल तर कोण. हे "नसेल तर कोण" मी त्या शिपाईमामांकडून शिकले.

दोन गोष्टी राहिल्या. ओळख पटू नये म्हणून त्या कुटुंबाचे काही तपशील बदललेत. आणि ते पहिले मुख्याध्यापक वाईट नव्हते, होते तोवर त्यांनी शब्द पाळला. वर्गशिक्षिका तर मुळीच नाहीत, पन्नासच्या वर पोरं सांभाळत होत्या. शिवाय अमेरिकेच्या नियमाने शिक्षण खात्याचा नोकर मध्यस्थ होऊ शकत नाही. म्हणजे गटसाधन केंद्रातली मीही तेव्हा बाद. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्याने वरचा मजला भाड्याने दिला. भाडेकरू त्याच्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा. अकरा महिन्यांचा करार, प्रत्येक पानावर सही, दोन साक्षीदार. त्यातली एक मी. पेन हातात घेऊन मी विचारलं, "का रे दादा, पोराने शब्द नव्हता दिला?"

"तू सही कर," तो म्हणाला.