बीसीएच्या मुलांना यूआय डिझाईन शिकवताना सुरुवात फिग्मापासून करावी का?

सोलापुरात बीसीएला यूआय डिझाईन (ॲपच्या स्क्रीन, बटणं यांची रचना) घेताय आणि लॅबमध्ये फिग्मा, म्हणजे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, कधी उघडायचं, असं विचारलंय. माझ्या मते चौथ्या आठवड्याआधी नको. फिग्मा मुलं यूट्यूबवर बघून शिकतात. वापरणारा अडखळला की गप्प बसून बघत राहणं मात्र वर्गातच शिकवावं लागतं.

चादरीच्या दुकानाचं ऑर्डर ॲप करायला द्या. ए-फोर कागदाचे आडवे तीन, उभे दोन असे सहा तुकडे कापा. प्रत्येक तुकडा ७० × १४८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास मोबाईलच. एका तुकड्यावर एक स्क्रीन, तीही पेन्सिलनं. चित्र देखणं झालं की बघणारा "छान आहे" म्हणून मोकळा होतो. बटण पट्टीनं मोजून किमान ९ मिलिमीटरचं हवं. अँड्रॉइडचे ४८ डीपी (स्क्रीनवरची मापं मोजायचं एकक) साधारण तेवढेच भरतात.

चौघांचा गट करा. एक 'कॉम्प्युटर', म्हणजे वापरणाऱ्यानं कागदावरचं बटण दाबलं की पुढचा कागद ठेवणारा, एक काम सांगणारा, दोघं टिपणारे. ॲप वापरून बघायला मात्र कॉम्प्युटर शिकलेला माणूस नको. कॅन्टीनच्या मावशी चालतील. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं कुणीतरी जरूर घ्या, मराठी सावकाश वाचणाऱ्याला कुठलं लेबल नडतं ते लगेच दिसतं. काम सांगताना स्क्रीनवरचा शब्द उच्चारायचा नाही. "कार्टमध्ये टाका" म्हटलं की मावशी 'कार्ट' शोधतात, चाचणी वाया. "पंढरपूरच्या बहिणीला दोन डबल चादरी पाठवा", बास. मुलांच्या तोंडून हमखास "मावशी, वर बघा ना" निघतं. ते वाक्य तसंच वहीत लिहायला लावा. सांगावं लागलं तिथं स्क्रीन कमी पडली.

फिग्मात गेल्यावर मराठीचे घोटाळे सुरू होतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते, ते शून्यच ठेवा. इंग्रजीच्या सवयीनं लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.२ ठेवली तर 'र्की'चा रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो, १.५ ते १.६ घ्या. शिवाय फिकट करड्या अक्षरांचा मुलांना भारी सोस. पांढऱ्यावर #९९९९९९ या करड्या रंगाचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातलं गुणोत्तर) २.८५ भरतो, नीट वाचता यायला लागतो ४.५. त्याहून गडद #७६७६७६ जेमतेम पास होतो. पटत नसेल तर फोन देऊन दुपारी बाराला पार्किंगमध्ये उभं करा, सोलापूरचं ऊन पटवून देईल.

गुण २५ असतील तर १० निरीक्षणाच्या टिपणांना, १० पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतल्या बदलांना, दिसण्याला ५. दिसण्याला जास्त ठेवलेत की मुलं तयार टेम्प्लेट उचलून आणतात.