मागची काच खडखडते आणि आत धुराचा वास येतो: ओम्नीवाल्यांसाठी

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे २००९ ची मारुती ओम्नी आहे, पेट्रोलवरची. सकाळी मार्केटचा माल, दुपारनंतर घरचं काम असं चालू असतं. मागच्या दाराची काच स्पीडब्रेकरवर आणि खराब रस्त्यावर एवढी खडखडते की आतलं बोलणं ऐकू येत नाही, हाताने दाबली तर खालच्या बाजूला हलते पण. गॅरेजमध्ये कडेने सिलिकॉन भरून दिलं होतं, थोडे दिवस बरं वाटलं मग परत सुरू. आता पावसात कोपऱ्यातून पाणी येतं आणि मागे बसलेले म्हणतात धुराचा वास येतो. एक जण सांगतो काच बदला, दुसरा म्हणतो जुन्या बाजारातून अख्खी डिकीच आणून लावा. नक्की काय करावं? (एक वाचक, कराड)

उत्तर: दादा, आवाजाचं नंतर बघू, आधी धुराचं. ओम्नीची पाठ सपाट आहे, त्यामुळे गाडी पळत असताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घोटाळत राहतो, मग जिथे फट मिळेल तिथून तो आत ओढला जातो. पुढच्या काचा उघड्या असल्या की हे आणखी वाढू शकतं. तुम्हाला जो वास येतोय तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा आणि त्याला वासच नसतो, डोकं जड होणं, गुंगी येणं, मळमळणं एवढंच जाणवतं आणि माणूस ते उन्हावर नाहीतर प्रवासावर ढकलतो. म्हणून फट बंद होईपर्यंत मागे कुणाला बसवू नका, लहान मुलांना तर अजिबातच नाही. आणि माल जास्त झाला म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधून जे चालवतात त्यांनाही हेच कळकळीने सांगतो, मागे माणूस बसलेला असेल तर तसं करू नका. सायलेन्सरचे जोड कुठे फुटलेत का, खालून पाईपला भोक पडलंय का, तेही याच वेळी तपासून घ्या, कारण धूर गाडीच्या खालीच गळत असेल तर तो फरशीच्या भोकांतूनही वर येतो.

आता खडखडाट. डिकी बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका, कारण हलतंय काय हेच अजून ठरलेलं नाही. काच रबरात हलते की अख्खं दार लॉकमध्ये हलतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आवाज मात्र दोन्हीचा सारखाच येतो. मागचं सगळं सामान आधी खाली काढा, जॅक, पाने, क्रेट, सगळं. मग गाडी दुसऱ्याला हळू चालवायला द्या, पुढच्या-मागच्या सगळ्या काचा उघड्या ठेवा, फक्त या तपासणीपुरते तुम्ही मागे बसा आणि खराब रस्त्यावर आधी तळहात काचेवर सपाट दाबून धरा. आवाज थांबला तर काच. नाही थांबला तर खालून दार आपल्याकडे ओढून धरा, थांबला तर लॉक. दोन्हीने थोडा थोडा कमी झाला तर दोन्ही, आणि जुन्या ओम्नीत बऱ्याचदा दोन्हीच निघतं. गॅस किट बसवलेलं असेल तर सिलेंडरची पट्टी आणि तिचे बोल्टही हलवून बघा, ते काम मात्र किटवाल्याकडूनच करून घ्या.

तुमची काच हाताने हलते म्हणजे रबर गेलंय हे नक्की. ओम्नीची ही काच चिकटवलेली नसते, रबरी बीडिंगच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत दाराच्या पत्र्याची कड अशी बसवलेली असते. ऊन खाऊन रबर कडक होतं, आकसतं, आणि कोपऱ्यात पहिल्यांदा सुटतं. त्यात वरून सिलिकॉन भरून फायदा नाही कारण कडक झालेलं रबर आणि हलणारी काच त्याला दर खड्ड्यात ताणत राहतात, शेवटी एका बाजूने सुटतंच, आणि पाणी मग त्या सुटलेल्या जागेतून आत शिरून पत्र्याच्या कडेवर साचून राहतं. शिवाय बाजारात मिळणारं साधं सिलिकॉन, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरवतं. गाडीला लावायचंच झालं तर डब्यावर न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

तर उपाय एकच, नवीन बीडिंग. काच चांगली असेल, कडेला टवका नसेल तर तीच परत बसते, नवी घ्यायची गरज नाही. फक्त एक लक्षात असू द्या, पुढची काच लॅमिनेटेड असते, तडकली तरी जागेवर राहते, मागची मात्र टफन असते, मधोमध बुक्की सहन करेल पण कडेला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर एका क्षणात सगळी चुरा होते. म्हणून जुनं रबर टोचून उचकटायचं नाही, आतल्या बाजूने ब्लेडने कापून टाकायचं, ते तसंही फेकायचंच आहे. दोन माणसं लागतात, एक बाहेर काच धरायला, आणि डोळ्याला चष्मा असू द्या.

काच निघाली की पत्र्याच्या कडेकडे नीट बघा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथेच घाई होते. खालची कड हमखास गंजलेली असते. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांची तर कधीकधी खाऊन गेलेली असते, मग रबराला पकडायला काही उरतच नाही. नुसता वरचा गंज असेल तर पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, प्राइमर मारा, रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या, त्याच दिवशी काच बसवायचा आग्रह धरू नका. भोकं पडली असतील तर आधी डेंटरकडे, आणि कड फारच गेली असेल तरच दुसऱ्या डिकीचा विचार करा.

बसवताना रबर आधी काचेवर चढवायचं, जोड असेल तर तो वर घ्यायचा, खाली नाही, खाली पाणी थांबतं. मग पत्र्यासाठी जी खाच आहे तिच्यात नायलॉनची बारीक दोरी सगळीकडून फिरवून दोन्ही टोकं आत, खालच्या मधोमध सोडायची. खाचेला साबणाचं पाणी लावा, ऑईल, ग्रीस, डिझेल काही नको, त्याने रबर फुगतं आणि लवकर मरतं. बाहेरचा माणूस तळहाताने काच दाबत राहतो, आतला दोरी हळूहळू काचेच्या मध्याकडे ओढत जातो, तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत जातो. हे काम बघायला सोपं वाटतं पण कोपऱ्यात जोर लावला की काच जाते, त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल तर माझा स्पष्ट सल्ला, जुना काचवाला गाठा आणि समोर उभं राहून करून घ्या.

आता दाराचं. डिकी बंद करताना मध्ये कागदाची पट्टी ठेवा, ओढून बघा, सगळ्या बाजूंनी. जिथे पट्टी सहज सुटते तिथे दाराचं रबर बसत नाहीये, धूर आणि पाणी तिथूनच. लॉक ज्या कडीत अडकतं तिला तात्पुरती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एक चक्कर मारा, आवाज बंद झाला तर कडी सरकवायची आहे हे पक्कं. कडीभोवती मार्करने रेघ मारा, बोल्ट थोडे सैल करा, मिलीमीटरभर आत सरकवा, आवळा, बंद करून बघा. एकदम जास्त सरकवाल तर दार आपटून लावावं लागेल आणि त्या आपटण्यात नवीन बसवलेली काच परत सैल होईल. दार आपटतं तिथले रबरी बुच गायब असतील तर ते आधी लावा, छोटी वस्तू आहे पण तिच्याशिवाय ॲडजस्टमेंट टिकत नाही. दार अर्धं उघडून वर-खाली हलवा, बिजागरी खेळत असेल तर तीही बघावी लागेल. आणि डिकी शॉकर कमजोर असतील तर काम करताना दाराला खालून भक्कम लाकूड लावा, जुने शॉकर कापायचे किंवा भोक पाडायचे नाहीत, आत दाबाखाली गॅस असतो.

प्रश्न: माझी जुनी वॅगन आर आहे, मागून सतत टकटक येते पण काच तर घट्ट आहे, तरी बीडिंग बदलू का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: नको. तुमच्या गाडीची काच गोंदाने चिकटवलेली आहे, कडेचं रबर बहुतेक शोभेचं. ती घट्ट असेल तर तिला हात लावू नका. मागचा ट्रे काढून घरी ठेवा आणि गाडी चालवून बघा, अर्ध्या गाड्यांचा आवाज तिथेच सापडतो. मग मागच्या सीटच्या पाठीचं लॉक, त्याच्या कडीला कापडी टेप गुंडाळून बघा. मग मोकळे लोंबणारे सीटबेल्टचे बक्कल, मागचा वायपर, नंबरप्लेट, डिकीच्या आतल्या प्लास्टिकच्या तुटलेल्या क्लिपा, याच क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढेमागे काच खरंच हलायला लागली तर ती परत चिकटवून घ्यावी लागेल, आणि चिकटवल्यावर काचवाला सांगेल तेवढा वेळ गाडी उभी ठेवा, दारं लावताना एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर आतल्या हवेच्या धक्क्याने ओला गोंद बाहेर ढकलला जातो.