हॉलिडे मेंबरशिप नको झाली आहे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मॉलमध्ये कूपन भरलं, 'बक्षीस लागलंय' म्हणून दोघांना हॉटेलात बोलावलं आणि चार तासांनी आम्ही २५ वर्षांच्या मेंबरशिपवर सह्या करून बाहेर पडलो. तीन लाख भरले, त्याला आठ वर्षं झाली. सुट्टीत खोली मिळत नाही; वार्षिक देखभाल शुल्क मात्र वाढतंच आहे. ते भरणं बंद केलं तर मेंबरशिप आपोआप रद्द होईल ना?

उत्तर : बहुतेक करारांत नाही. शुल्क थकलं की कंपनी तुमचं बुकिंग बंद करते, करार चालूच राहतो. थकबाकी साठते, तिच्यावर व्याज चढतं आणि परत मिळू शकणारी रक्कम दर वर्षी घटते.

करारातलं 'प्रवेश शुल्क' आणि 'वापर शुल्क' शोधा. नावं थोडी वेगळी असतील. प्रवेश शुल्क सहसा बुडीत धरलं जातं आणि परतावा उरलेल्या वर्षांच्या वापर शुल्कावरच काढतात. समजा विभागणी ६० आणि ४० टक्के आहे. म्हणजे वापर शुल्क १,२०,००० रुपये, वर्षाला ४,८०० रुपये. आठ वर्षं गेली, १७ उरली : ८१,६०० रुपये, वजा थकबाकी. आणखी तीन वर्षं गप्प बसलात तर ६७,२००, आणि त्यातून तीन वर्षांचं देखभाल शुल्क व्याजासकट कापलं जाणार. हातात काही उरलं तर नशीब.

म्हणून आधी पत्र. सदस्य क्रमांक, कराराची तारीख, 'या तारखेपासून आम्ही सदस्यत्व संपुष्टात आणत आहोत' हे स्पष्ट वाक्य, भरलेल्या रकमेचा हिशेब आणि परताव्याची आकडेमोड लेखी कळवण्यासाठी १५ दिवसांची मुदत. मेंबरशिप दोघांच्या नावावर असेल तर सह्याही दोघांच्या. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा, तेच ईमेलनंही. खोली न मिळाल्याचे बुकिंगचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुढे तक्रार करायची झाली तर तेच उपयोगी पडतात.

पत्रानंतर एकही रात्र बुक करू नका. 'सेवा वापरली, म्हणजे सदस्यत्व मान्य होतं' असा युक्तिवाद हमखास होतो. 'एकदा ऑफिसात या, साहेब मार्ग काढतील' असा फोन आला तरी जाऊ नका. तिथे बहुधा रद्द करण्याऐवजी अपग्रेडच गळ्यात पडतं.

प्रश्न : सही करून सहाच दिवस झालेत. काही करता येईल?

उत्तर : येईल, पण आजच. युरोपीय संघात टाइमशेअर (अशीच सुट्टीची मेंबरशिप) खरेदीतून माघार घ्यायला १४ दिवस कायद्यानंच मिळतात. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिलेले दिवस तेच खरे. ते सहीपासून मोजायचे की पैसे भरल्यापासून, हे पाहा. 'वेलकम किट येऊ दे, मग वाचू' म्हणत थांबणारे इथेच फसतात, कारण किट हाती येईतो मुदत उलटलेली असू शकते. सोबत दिलेलं गिफ्ट व्हाउचर वापरू नका. 'सर्व अटी समजल्या ना?' विचारणारा फोन आला तर सवयीनं 'हो' म्हणू नका. तो रेकॉर्ड होतो आणि पुढे तुमच्याच विरुद्ध वाजवला जातो.

प्रश्न : हप्ते बँकेतून ऑटो-डेबिटनं जातात. खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर?

उत्तर : हा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका. शिल्लक नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, चेक न वटल्यासारखीच. आधी कागद बघा. हप्ता थेट क्लबला, म्हणजे मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीला, जात असेल तर रद्द केल्याचं पत्र पाठवून बँकेत मँडेट (पैसे कापायची परवानगी) लेखी रद्द करा. पण पैसे फायनान्स कंपनीनं दिले असतील तर ते वेगळं कर्ज आहे. क्लबशी भांडण असलं तरी कर्जाचा हप्ता चुकला की क्रेडिट स्कोअर घसरतो. तिथे हप्ते चालू ठेवून ती रक्कम क्लबकडून मागणं शहाणपणाचं.

प्रश्न : कंपनी दाद देत नाही. करारात लिहिलंय, वाद फक्त लवादापुढे आणि त्यांच्याच शहरात.

उत्तर : त्या कलमाला घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा; काही कंपन्या तेवढ्यानं हलतात. नाहीतर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून जिल्हा आयोगात जा. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. मागणी 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापार प्रथा' यांवर बेतलेली असावी. करारातली अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून हवी असेल तर मात्र राज्य आयोगात जावं लागतं, हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. त्यानंतर उशिराचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं.

प्रश्न : 'तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसीचे १८,००० भरा' असा फोन आला.

उत्तर : भरू नका. खरा दलाल आपलं कमिशन विक्रीच्या पैशातून घेतो. तुमचा सदस्य क्रमांक त्याला ठाऊक असणं हा काही पुरावा नव्हे. अशा याद्या बाहेर फिरतात. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर कळवा.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात क्लबची बिलं माझ्या नावानं येतात.

उत्तर : वारस म्हणून तुमच्यावर येणारी जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, तुमच्या पगाराला ती लागत नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून 'सदस्यत्व पुढे चालवायचं नाही' असं कळवा आणि उरलेल्या वर्षांचा परतावाही मागा. मात्र क्लबनं पाठवलेला नावबदलाचा फॉर्म भरू नका आणि वडिलांच्या खात्यावर उरलेल्या रात्री वापरायचा मोह टाळा. त्या फॉर्मवर सही केलीत की सदस्य तुम्ही, आणि बिलंही तुमची.