पेट्रोल इंजिन हवेत बंद पडतं, पण दोष ऑइलचा नसतो

प्रश्न: परभणीत राहतो, रिमोटवरची मॉडेल विमानं उडवतो. दोन वर्षं ग्लो इंजिनचं (मेथॅनॉलवर चालणारं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, आणि नंतर लो-विंग (खाली पंख असलेलं) उडवलं. आता 30 सीसी पेट्रोल इंजिनचं एरोबॅटिक (कसरतीचं) विमान घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं? आणि ही इंजिनं सरळ वर चढताना अचानक बंद पडतात म्हणतात, ते खरं का?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावरून आमच्या ग्रुपात अख्खा एक हिवाळा भांडण चाललं.

विमान होतं एक्स्ट्रा 300. पंख 74 इंच, वजन साडेपाच किलोच्या आसपास, 30 सीसी इंजिन, 18×10 चा लाकडी प्रॉप (पंखा). जमिनीवर तक्रार शून्य. आयडल स्थिर, थ्रॉटल टाकला की लगेच उचल. हवेत हॉवर करा (नाक वर करून जागीच लटकवा), तासभर लटकेल. पण पूर्ण वेगात एक पास मारून सरळ वर ओढलं की आवाज पातळ व्हायचा, दोन सेकंद घरघर आणि बंद. दोनदा कसंबसं पट्टीवर उतरलं. तिसऱ्यांदा उभ्या तुरीत गेलं आणि लँडिंग गिअरचा ब्लॉक प्लायसकट उपटून आला.

ग्रुपातल्या ज्येष्ठांचं निदान तयारच होतं: ‘ऑइल कमी पडतंय. 30:1 चं 20:1 करा.’ लुना आणि एम-80 वर आयुष्य गेलेल्या माणसाला दर दुखण्यावर ऑइलच आठवतं. या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. आता गणित बघा. एक लिटर पेट्रोलला 33 मिली म्हणजे 30:1, 50 मिली म्हणजे 20:1. नीडल (मिश्रण कमी-जास्त करणारा स्क्रू) जागची हलवली नाही तर तिच्यातून जाणारं मिश्रण तेवढंच, पण त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं. म्हणजे लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चाललेलं इंजिन आणखी लीन. फरक दीडेक टक्क्याचाच, पण दिशा उलटी. वर प्लगवर काजळी आणि रिंगच्या खाचेत कार्बन, ते वेगळंच. बॅच बदलली, इंजिन पुन्हा त्याच जागी बंद.

मग दुसऱ्याने हाय नीडल (जास्त थ्रॉटलची) उघडायला घेतली. एका वेळी एक अष्टमांश, अशी पाव फेरी. वर चढताना बरं वाटलं, पण आता हॉवरमध्ये भडभड आणि मफलरातून ऑइलचे थेंब. खरं उत्तर इथेच हातात आलं होतं. वेग नसताना रिच (पेट्रोल जास्त) आणि वेगात लीन असेल तर नीडलचा दोष नाही, वेगाबरोबर काहीतरी बदलतंय.

ग्लोवाल्यांना हे चटकन सुचत नाही, कारण त्यांच्या कार्बोरेटरात डायफ्राम (लवचिक पातळ पडदा) नसतो. पेट्रोल इंजिनावर वॉलब्रो पद्धतीचा, डायफ्रामवाला कार्बोरेटर असतो. एका बाजूला पंपाचा डायफ्राम, त्याचं झाकण एका स्क्रूवर. दुसऱ्या बाजूला मीटरिंगचा (पेट्रोल मोजून सोडणारा), त्याचं झाकण चार स्क्रूंवर, आणि त्या झाकणाला बारीक भोक. त्या भोकातून डायफ्रामला बाहेरच्या हवेचा दाब कळतो आणि त्या हिशोबाने तो पेट्रोलची सुई उघडतो. भोकावर दाब वाढला की मिश्रण रिच, दाब घटला की लीन. आता हे भोक काउलच्या (इंजिनावरच्या कव्हरच्या) आत. या विमानाच्या काउलला खाली हवा बाहेर जायचं तोंड हौसेने मोठं कापलेलं, आणि भोक नेमकं त्याच्या शेजारी. वेग आला की तिथे ओढ तयार व्हायची आणि डायफ्राम सुई मिटवायचा.

तपासणी सोपी आहे: काउल काढून एक उड्डाण करा. सीजी (गुरुत्वमध्य) पाहून घ्या, थोडा मागे सरकतो. नीडल मूळ जागी आणली, काउल काढलं आणि सलग चार वेळा वर ओढलं, इंजिन हूं की चूं करेना. काउल लावलं, पुन्हा तेच रडगाणं.

इलाज असा. चार स्क्रू काढून झाकण सुटं करा, डायफ्राम आणि गॅस्केट बाजूला ठेवा, नाहीतर उष्णतेने त्यांची वाट लागेल. झाकणाच्या भोकावर 3 मिमीची पितळी नळी डाग द्या आणि डाग भोकात उतरला नाही ना ते टाचणी घालून बघा. नळीला वीसेक सेंटीमीटर सिलिकॉन ट्यूब लावून ती फायरवॉलमधून (इंजिनामागची भिंत) फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पोटात सोडा. तिथे हवा शांत असते. सिलिकॉन इथे चालते कारण तिच्यातून पेट्रोल जात नाही. इंधनाच्या लाइनला मात्र ग्लोची सिलिकॉन ट्यूब कधीच नको, पेट्रोलने फुगून सुटते. टाकीचा बूचही पेट्रोलचाच हवा.

प्रत्येक वेळी काउलच दोषी असतं असं नाही. लांब डाइव्हनंतर काही सेकंदांनी बंद पडत असेल तर टाकी उघडा. आतली क्लंकची (पेट्रोल ओढणाऱ्या ट्यूबच्या टोकाचं वजन) ट्यूब कडक झाली की क्लंक पुढे जाऊन तिथेच अडकतो. आपल्याकडच्या उन्हात आणि इथेनॉलच्या पेट्रोलात ही ट्यूब लवकर कडक होते, दर मोसमाला बदला. चार-पाच मिनिटं उडाल्यावरच त्रास होत असेल तर उष्णता. हवा बाहेर जायचं तोंड आत येण्याच्या तोंडाच्या अडीच-तीन पट हवं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आलेली हवा इंजिनाच्या फिन्समधूनच (थंड करणाऱ्या पट्ट्या) जाईल असं बॅफल, म्हणजे आडोसा, लावा. बॅफल नसेल तर मोठं भोक उपयोगाचं नाही, वर सांगितलेला ताप मात्र होतो. पंपाच्या झाकणाखालची जाळी तर पहिल्या दिवशीच बघायची. आणि 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर इंजिन त्याच नीडलवर आपोआप लीन चालतं, म्हणून परदेशी व्हिडिओतले आकडे डोळे झाकून लावू नका. दोन्ही नीडल (हाय आणि लो) दीड फेरी उघडून सुरुवात करा, पुढे कानाने. उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवू नका, इथेनॉल पाणी धरतं.

आता कोणतं घ्यावं. एक्स्ट्रा, एज, स्लिक, याक, 30 सीसीत सगळी उडतात. पहिलं पेट्रोल विमान एआरएफ (जवळजवळ तयार, फक्त जोडायचं) घ्या, बालसाची हौस नंतर. किटच्या नावावर डोकं झिजवण्यापेक्षा पैसे सर्व्होवर (पंख-शेपटीची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) घाला. एलिव्हेटर आणि एलेरॉनला 15 ते 20 किलो-सेंमी ताकदीचे, रडरला 20 च्या वर, सगळ्यांचे गिअर धातूचे. इग्निशनची बॅटरी वेगळी, रिसीव्हरपासून निदान 25-30 सेंमी लांब, आणि ट्रान्समीटरवरून इग्निशन तोडणारा किल स्विच. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल बंद होतो का ते जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून बघा. मोटर माउंटला दोन ते अडीच अंश उजवा थ्रस्ट, म्हणजे इंजिन तेवढं उजवीकडे तिरकं. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद). फायरवॉलला पातळ इपॉक्सीचा हात. लाकडी प्रॉपचे बोल्ट दर उड्डाणाच्या दिवशी आवळा, आपल्या कोरड्या हवेत हब आकसतो.

मे महिन्यात दुपारी उडवू नका. 43 अंशांची हवा डिसेंबरातल्या 12 अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. प्रॉप कमी ओढतो, स्टॉल (पंखांची उचल सुटणं) लवकर येतो, गडद रंगाचं कव्हरिंग फुगतं. जागा मुरमाची बरड निवडा. सोयाबीन निघालेलं वावर दिसायला सपाट असतं, पण काळ्या मातीच्या भेगेत टेलव्हील गेलं की रडरच उखडतं. व्हील पॅन्ट्स (चाकांवरची कव्हरं) घरीच ठेवा.

राहून गेलं म्हणून: ट्रेनरवरून थेट यावर येऊ नका म्हणणारे चूक नाहीत. तुम्ही लो-विंग उडवलं आहे म्हणून मी हो म्हणतो. पहिले महिनाभर लो रेट्सवरच (पाती कमी हलतील अशा सेटिंगवर) उडवा. इंजिन हाताने फिरवताना शेपूट धरणारा माणूस आणि चामड्याचा हातमोजा हवाच. 30 सीसीचा प्रॉप बोट ठेवत नाही. ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतचं, हौस किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान ‘मॉडेल’ धरलं जातं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकाराच्या विमानाला सरकारी मान्यता) लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांची आणि बाकी ग्रीन झोनमध्ये (परवानगी न लागणारा भाग) 400 फुटांची मर्यादा आहे. तुमची जागा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघून घ्या.

ऑइल एफडी ग्रेडचं टू-स्ट्रोक घ्या. रिंग बसेपर्यंत लिटरला 33 मिली, मग 25. कोणी 50 घाला म्हणालं तर त्याच्या इंजिनाचा प्लग काढून बघायला मागा. आमच्या त्या ज्येष्ठांनी अजून दाखवलेला नाही.