घेवड्याला पाणी किती, कधी आणि कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागच्या काळ्या मातीत ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफ्यात जानेवारीच्या सुरुवातीला बुटका घेवडा (आपल्याकडचा बिनीस) पेरला, गच्चीवर चार पिशव्यांतही लावला. वाफ्याला सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी असं न चुकता पाणी घालताय. तरी फेब्रुवारीत ऐन फुलात खालची पानं पिवळी पडतायत, फुलं गळतायत आणि धरलेल्या शेंगा वाकड्या होतायत. पाणी वाढवू का?

वाढवू नका. वाफ्याचं पाणी कमी करायचंय आणि द्यायची पद्धत बदलायचीय. पिशव्यांचा हिशोब वेगळा आहे, तो पुढे देतो.

आधी आकडे बघू. झारी १० लिटरची धरली तर रोजचे २० लिटर, म्हणजे आठवड्याला १४० लिटर. घेवड्याला थंडीत दर चौरस मीटरला आठवड्याला साधारण २५ लिटर लागतात, फेब्रुवारीत ३०, आणि मार्च अखेरपासून ऊन तापलं की ४० ते ४५. तुमच्या ३ चौरस मीटरला आत्ता ९० लिटर पुरतात. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे वरचे ५० लिटर कुठं निघून जात नाहीत, मुळाशीच बसून राहतात.

घेवड्याची बहुतेक कामाची मुळं वरच्या २० ते ३० सेंटिमीटरमध्ये असतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात. माती चिखलासारखी राहिली की त्या गाठींचं काम मंदावतं, मुळं गुदमरतात, मूळकूज करणाऱ्या बुरशींना आयतं घर मिळतं. पहिल्यांदा खालची, जुनी पानं पिवळी पडतात. माणसाला वाटतं खत कमी पडलं, म्हणून तो युरिया टाकतो. मग झाड नुसतं पानांनी माजतं आणि फुलं आणखी कमी लागतात. हे करू नका.

मात्र फक्त आकड्यांवर जाऊ नका, मातीला विचारा. खुरप्यानं दोन झाडांच्या मधे १० ते १२ सेंटिमीटर खोल उकरा, तळाची मूठभर माती घ्या आणि लाडू वळा. लाडू वळला आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर तो वाफसा, आज पाणी नको. लाडू वळून हाताला चिकट राड लागली तर पाणी जास्त झालंय. लाडू वळलाच नाही, ढेकळाचा भुगा झाला, तर आज पाणी द्यायलाच हवं. ही तपासणी वाफ्यात दोन-तीन ठिकाणी करा, कारण झारीचं पाणी सगळीकडे सारखं पडत नाही. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरची चार बोटं कायम ओली आणि खालची माती कोरडी, असंही काही कोपऱ्यांत सापडेल. मुळं मग वरच घुटमळतात आणि दुपारच्या उन्हाला झाड लगेच मान टाकतं.

मान टाकण्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुपारी दोनला पानं लोंबली म्हणजे तहान लागली असं नाही. उन्हाचा तडाखा असला की ओल्या मातीतलं झाडही पानं खाली सोडतं. पानं सकाळी सातला बघा. तेव्हाही लोंबलेली असतील तर लाडू वळून बघा. माती कोरडी निघाली तर पाणी कमी पडतंय. ओली असूनही पानं लोंबली असतील तर मुळं कुजतायत, आणि अशा झाडाला पाणी घालणं म्हणजे ते घालवणं.

द्यायची पद्धत अशी. आत्ता दोन-तीन दिवस वाफ्याला पाणी पूर्ण बंद ठेवा. वरची खपली खुरप्यानं फक्त दोन बोटं खोल हलकी मोडा, त्याहून खोल नको, नाहीतर मुळं तुटतात. वाफसा सरत आला, लाडू वळताना माती भुरभुरायला लागली की एकदम ४५ लिटर द्या, म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या. पुढे चार दिवसांनी तेवढंच. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, म्हणून ४५ लिटर एका दमात ओतू नका. निम्मं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेलं. दोन ओळींच्या मधे वीतभर रुंद उथळ सरी ओढली तर पाणी तिच्यातून जातं आणि खोडाचं बूड कोरडं राहतं. पाईपनं देत असाल तर बादली भरायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा. १५ लिटरला दीड मिनिट लागत असेल तर ४५ लिटरला साडेचार मिनिटं. पुढे मोजायची गरज नाही.

तांबड्या, मुरमाड मातीत (कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला पन्हाळा, राधानगरीकडे बरीच आहे) हेच पाणी आठवड्यातून तीनदा ३०-३० लिटर असं वाटून द्यायचं, कारण ती माती धरून ठेवत नाही. पंचगंगेकाठच्या मळीच्या (नदीच्या गाळाच्या) जमिनीत दोन पाळ्या पुरतात.

वेळ सकाळची, सूर्य वर येण्याआधी किंवा आठपर्यंत. पाणी बुडाशी, पानांवर नाही. संध्याकाळी झारीनं पानं भिजली की ती रात्रभर ओली राहतात, आणि थंडीत वर दवही पडतं. तांबेरा, करपा आणि जिवाणूजन्य ठिपके ओल्या पानांवर रुजतात. याच कारणानं पानं ओली असताना शेंगा तोडू नका, वेलांत हात घालू नका, एका झाडाचा रोग हातानं दुसऱ्यावर जातो.

फुलं उमलल्यापासून शेंगा भरेपर्यंतचे साधारण तीन आठवडे सर्वांत नाजूक. या काळात पाच दिवस ताण आणि मग भरपूर पाणी असा हेलकावा बसला तर फुलं, बारीक शेंगा गळतात, उरलेल्या मधेच बारीक होऊन वाकतात, कारण काही दाणे भरतात आणि काही भरत नाहीत. तुमच्या शेंगाही अशाच दाणे अर्धवट भरल्यानं वाकल्या असाव्यात. मात्र शेंगांवर टोचल्याच्या खुणा असतील तर किडीकडेही बघा. आणि एक मर्यादा पाण्यानं सुटत नाही: दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या वर जायला लागलं की घेवड्याची फुलं पाणी बरोबर असूनही गळतात. म्हणून एप्रिल-मे मध्ये त्या वाफ्यात चवळी किंवा गवार घ्या, दोन्ही उन्हाला आणि ताणाला घट्ट आहेत. वाल, पावटा, वरणा यांना मुळं खोल गेल्यावर घेवड्यापेक्षा पाळी लांबवली तरी चालते.

आच्छादन घाला, हे कोल्हापुरात फुकट मिळतं. उसाचं सुकं पाचट हातभर तुकडे करून ५ ते ७ सेंटिमीटर जाड पसरा, खोडापासून चार बोटं लांब ठेवून. माती कमी तापते, खपली धरत नाही, पाळीत एक-दोन दिवसांचं अंतर वाढवता येतं. पण आत्ताच्या ओल्या मातीवर लगेच घालू नका, ओल आत कोंडेल. आधी वाफसा येऊ द्या.

आता पिशव्या. १२ इंची पिशवीत घेवड्याची दोन-तीनच झाडं ठेवा. पिशवीत माती थोडी असते, काळी पिशवी उन्हात तापते, म्हणून तिथं रोज पाणी लागतं: आत्ता पिशवीला पाऊण ते एक लिटर, एप्रिलमध्ये दीड लिटरपर्यंत. पिशवीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेत नाही, पिशवीच्या कडेनं सरळ खाली उतरतं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. अशा वेळी एक पेला घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. तळातून थोडं पाणी बाहेर आलं की थांबायचं. खाली ताटली असेल तर अर्ध्या तासानं रिकामी करा. पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली की बोट घालायचीही गरज पडत नाही.

पाणी बोअरचं असेल तर पिशवीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर येतो का बघा. भाज्यांत घेवडा क्षारांना सर्वांत नाजूक पिकांपैकी एक आहे. पानांच्या कडा करपतात आणि वाढ खुंटते. शिरोळ, हातकणंगले भागात ऊसाला बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, त्याचीच छोटी आवृत्ती पिशवीत होते. शक्य असेल तर नळाचं पाणी द्या. नाहीच, तर महिन्यातून एकदा पिशवीतल्या मातीच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून क्षार तळातून निघून जाऊ द्या.

पुढच्या पेरणीसाठी: आधी वाफा पूर्ण भिजवा, दोन-तीन दिवसांनी वाफसा आला की ३ ते ४ सेंटिमीटर खोल बी टोका आणि लगेच पाणी देऊ नका. बी रात्रभर भिजत घालायची गरज नाही, जास्त भिजलेलं बी फुटतं, कुजतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं (पेरणीनंतरचं पहिलं) हलकं पाणी द्या, म्हणजे वरची खपली मऊ राहील. घेवड्याचा कोंब वाकून, मान वर काढत येतो. खपली कडक असेल तर ती मान मोडते आणि आपण बियाण्याला दोष देतो. खरीपात पेरलं तर १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि पाणी बाहेर जायला वाट ठेवा, जुलैच्या पावसात सपाट वाफ्यात घेवडा टिकत नाही. मे महिन्यातल्या वळवावर मात्र भरवसा ठेवू नका. थेंब मोठे असतात, अंगण भिजतं, पण खुरप्यानं उकरलं की दोन बोटांखाली माती कोरडी मिळते.

तुमच्या वाफ्यात सुधारणा कशी ओळखायची? पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, ती खुडून टाका. शेंड्याकडे बघा. पाणी बसलं की आठ-दहा दिवसांत नवी पानं गडद हिरवी येतील आणि पुढची फुलं धरतील. शेंडाही फिकट राहिला तर एक झाड मातीसकट उपटून मुळं बघा. तपकिरी, लिबलिबीत निघाली तर ती झाडं काढून टाका आणि त्या जागी पुढची दोन वर्षं शेंगवर्गातलं काही लावू नका, मेथी किंवा मका घ्या. नाही, मेथीही शेंगवर्गातलीच, तेव्हा मकाच, नाहीतर पालक.